आधी डोळे, मग बोट

नुसरत मॅडम गेल्या त्यानंतर शाळेनं शोकसभा ठेवली. हल्लीच्या मुख्याध्यापिकांनी मॅडमबरोबर जेमतेम वर्षभर काम केलं असेल. त्या माइकवर म्हणाल्या, "निवृत्तीनंतर मॅडमना कॉम्प्युटर गेमचा नाद लागला आणि त्यात त्यांनी आपले डोळे घालवले. मुलींनो, यातून आपण बोध घ्यायचा आहे." समोरच्या मुलींमध्ये खुसखुस झाली. एवढ्या वयाच्या बाई आणि गेम! मग सगळे स्तब्ध उभे राहिले, सभा संपली, आणि चहा आला.

मला सभेत बोलता येत नाही, कधीच आलं नाही. लिहिता येतं, म्हणून लिहिते आहे. त्या वाक्यात खरं काही नव्हतं. नाद नव्हता. आणि डोळे साखरेनं नेले. माझ्या समोर डॉक्टरांनी सांगितलं होतं, "हे स्क्रीनमुळं नाही, शुगरमुळं आहे." पण एका बाईनं आयुष्याच्या शेवटी स्वतःच्या आनंदासाठी काही केलं, की तिच्या आजाराचा दोष त्याच गोष्टीला चिकटवल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही. त्या पोथी वाचत असत्या किंवा लोकर विणत असत्या आणि डोळे गेले असते, तर त्याच माइकवर त्यांचं कौतुक झालं असतं.

त्या भूगोल शिकवायच्या, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. मॅडम ठेंगण्या, आवाज मात्र दोन वर्गांपलीकडं जाणारा. पर्समध्ये रुपयाच्या नाण्याएवढं होकायंत्र कायम. नवीन वर्ग मिळाला की पहिल्या दिवशी भिंतीवर भारताचा नकाशा मुद्दाम उलटा टांगायच्या, कन्याकुमारी वर. मग खुर्चीत बसून वाट बघायच्या, कोण बोलतंय. एखादी धीट मुलगी उठायची. "मॅडम, नकाशा उलटा आहे."

"उलटा? कुणाच्या मानानं उलटा?"

"उत्तर वर असते ना, मॅडम."

"हर्सूलच्या तळ्यावर जा अन् दाखव मला, वर कुठंय उत्तर. वर तर घारी असत्यात."

रिक्षावाल्यांचे हाल तर मी स्वतः पाहिले आहेत. डावं-उजवं हे शब्द त्यांच्या तोंडी कधी आले नाहीत. "भैया, अब उत्तर को लेओ." एकदा एकानं रिक्षा थांबवून मागं वळून विचारलं होतं, "मॅडम, उत्तर किधर पडता? टीव्ही सेंटर के इधर या उधर?" मॅडमनी पर्समधलं होकायंत्र काढून त्याला शिकवायला घेतलं. मागं हॉर्न वाजत होते. शेवटी तो म्हणाला, "हौ, समझ गया, पर पैले बैठो तो सही."

पण मॅडम कळायच्या असतील तर अजिंठ्याची सहल सांगितली पाहिजे. नववीच्या मुली घेऊन आम्ही लेण्यांत गेलो होतो. बाहेर कडक ऊन, आत पाऊल टाकलं की ठार काळोख. गाइडनं आत शिरता शिरता टॉर्च लावला आणि सुरू झाला, हा अमुक राजकुमार, हे त्याच्या हातातलं फूल. मॅडमनी त्याच्या टॉर्चवर सरळ हात ठेवला.

"भैया, एक मिनट."

"मॅडम, पुढचा ग्रुप येतोय."

"येऊ दे. बंद करो वो."

मुली अंधारात उभ्या राहिल्या. कुणी हसलं, कुणी कुणाच्या पायावर पाय दिला. मग हळूहळू शांत झालं. डोळे काळोखाला सरावले तशी भिंतीतून एकेक गोष्ट वर यायला लागली, आधी एक खांदा, मग एक डोळा, मग हत्ती. "अय्या, माकड!" कुणीतरी ओरडलं. "कुठंय?" "त्या खांबाच्या वर, बघ ना!" सगळ्या मुली एकमेकींना दाखवू लागल्या. मॅडमनी गाइडच्या टॉर्चवरचा हात काढला आणि म्हणाल्या, "अब बोलो, राजा. आता ऐकतील."

हाच त्यांचा वर्गातला नियम होता. नकाशा उघडला की मिनिटभर नुसतं बघायचं. हात मांडीवर. मग बोट ठेवायचं. "पहले आंखां, फिर उंगली," असं त्या म्हणायच्या. शाळेतून बाहेर पडलेल्या कितीतरी मुलींना भूगोलातलं बाकी काही आठवत नाही, पण हे वाक्य आठवतं.

निवृत्तीनंतर त्या हर्सूलला भावाच्या घरी वरच्या मजल्यावर राहायला गेल्या. लग्न केलं नव्हतं. भाऊ अन्वरभाई शेंद्र्याच्या एका कंपनीत सुपरवायझर. त्यांची मुलगी सना पुण्याला नोकरीला गेली आणि आपला गेमचा कॉम्प्युटर आत्याच्या खोलीत सोडून गेली. त्यात एक गेम होता. मोडकळीला आलेलं एक राज्य, सात परगणे, मधून नदी. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, तलवारी घेऊन पळायचं असणार. मॅडम चिडल्या.

"तसा नाय हो हा. यात आधी आपण कोण हे ठरवायचं. मग त्या माणसासारखं वागायचं. कुणाला काय बोललो, कुणाला काय दिलं, हे सगळं राज्य लक्षात ठेवतं. शंभर पानं झाल्यावर त्याचा हिशेब समोर येतो. तुमच्या कादंबरीसारखं, पण तुमच्या कादंबरीत मला कुणी विचारत नाय."

त्या त्यात एक म्हातारी वैदू झाल्या होत्या. सनानं फोनवर कपाळ बडवलं म्हणे. योद्धा होता येतं, जादूगार होता येतं, आणि आत्या म्हातारी होऊन बसली! "साठ वर्षं जवान राहून बघितलं," मॅडम म्हणाल्या, "आता जे आहे तेच करते."

त्या गेममध्ये नदीच्या दक्षिण घाटावर एक नावाडी होता. भेटेल तेव्हा एकच विचारायचा, माझी मुलगी पलीकडं उत्तरेला गेली ती परतली नाही, तुम्हाला कुठं दिसली का? मॅडमनी त्याला शब्द दिला होता. तोपर्यंत डोळ्यांत इंजेक्शनं सुरू झाली होती, उजव्या डोळ्यापुढं जाळं आलं होतं. त्या मला म्हणाल्या, "मुळे बाई, ही पोर मला माझ्या डोळ्यांनी शोधायची आहे. डोळे आहेत तवर." एवढंच मागणं होतं त्यांचं. पुढचं सगळं मी रागानं लिहिते आहे, ते या एका वाक्यामुळं.

गेममधला नकाशा बारीक अक्षरांचा, करड्यावर करडा. त्यांना तो दिसेना. सनानं सांगितलं, इंटरनेटवर अशा गेमचे नकाशे असतात, बोटानं मोठे करता येतात, टॅबवर उघडून शेजारी ठेव. मॅडमनी सगळ्यात गाजलेला नकाशा उघडला. मी शेजारी होते. सगळं राज्य एका क्षणात जागा दाखवणाऱ्या रंगीत खिळ्यांनी भरून गेलं. कुठं खजिना, कुठं शत्रू, कोण कधी दगा देणार, सगळं. मधेच औषधाची जाहिरात, मधेच कुणीतरी नाचतंय. मॅडमनी घाट कुठं आहे ते बघायला बोट टेकवलं, आणि बोटाखाली आपोआप एक चौकट उघडली. उत्तर तीर, विहिरीमागं: नावाड्याच्या मुलीची कबर.

त्यांनी बोट मागं घेतलं.  मग टॅबकडं बघून म्हणाल्या, "तेरेकू पूछा था किसी ने?"

मी म्हटलं, जाऊ द्या, गेमच आहे. तेव्हा त्यांनी ज्या नजरेनं माझ्याकडं बघितलं ती अजून आठवते. "कादंबरीचं शेवटचं पान मी फाडून तुमच्या हातात दिलं असतं तर?"

त्यांनी त्या साइटला इंग्रजीत रीतसर पत्र लिहिलं, 'रिस्पेक्टेड सर'पासून. आपण तीस वर्षं नकाशे शिकवले, नकाशा वाट चुकू नये म्हणून असतो, पोचण्याआधी मुक्कामाची बातमी देण्यासाठी नसतो, वगैरे. उत्तर आलं ते यंत्राचं. आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. गोष्टीतले गौप्यस्फोट लपवण्याची सोय आमच्या सशुल्क योजनेत उपलब्ध आहे.

मॅडमनी ते मला दोनदा वाचायला लावलं. "म्हणजे सांगायचं फुकट, अन् न सांगायचे पैसे?"

हो, तसंच. मी तेव्हा हसले होते, आता हसू येत नाही. कुणाच्याही खांद्यावरून डोकावून शेवट सांगायचा, आणि गप्प बसण्याची किंमत घ्यायची, याला धंदा म्हणतात म्हणे. लेण्यातला गाइड निदान हात ठेवल्यावर थांबला होता.

त्यानंतर मॅडमनी नकाशे निवडायला घेतले, आणि ते काम त्यांनी शाळेत क्रमिक पुस्तकं तपासायच्या तसं केलं. पाणी यायच्या दिवशी सुट्टी, बाकी रोज दुपारी बैठक. एक नकाशा दिसायला इतका देखणा की मी म्हटलं, हाच घ्या. मॅडमनी कोपऱ्यात बघितलं. "हा कधीचा आहे, लिहिलंय का कुठं? गेममध्ये मधे दोनदा बदल झाले. तारीख नसलेल्या नकाशावर मी मुलींना बोट ठेवू देत नव्हते." तरी हट्टानं वापरून बघितला, आणि म्हातारी वैदू, नकाशात पूल होता म्हणून गेली ती सरळ दरीत. दुसऱ्यात आपण बघितलेल्या जागांवर खूण करता यायची. मॅडमनी निगुतीनं खुणा केल्या, आणि एका सकाळी साइट म्हणाली, खुणा जपून ठेवायच्या तर सभासद व्हा. सगळ्या गेल्या. "माझी पेन्सिल, माझी खूण, अन् खोडरबर यांचं!" तिसऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्यात यंत्राचा एक बोलका मदतनीस होता, गोड इंग्रजीत आत्मविश्वासानं सांगायचा. मॅडमनी त्याला परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, नावाड्याचं घर कुठल्या तीरावर? तो म्हणाला उत्तर. मॅडमनी म्हटलं, दक्षिण आहे. तो म्हणाला, अगदी बरोबर, दक्षिणच. "ये देखो," मॅडम म्हणाल्या, "बॅकबेंचर."

शेवटी एक सापडला. कुणा हौशी माणसांनी चालवलेला, रंग नाही, रूप नाही. उघडला की कोरा. फक्त नद्या, डोंगर, रस्ते. आपण एखाद्या जागेचं विचारलं तर आधी तो आपल्यालाच विचारायचा, किती सांगू? नुसती दिशा, की जागा, की सगळं? अक्षर हवं तेवढं मोठं व्हायचं. खुणा आपल्याच टॅबमध्ये राहायच्या. खाली बारीक ओळ होती की अमुक परगणा आम्ही अजून नीट तपासलेला नाही. ती ओळ मी वाचून दाखवली तेव्हा मॅडमचा चेहरा उजळला. "माहीत नाय असं लिहिलंय? मग हा कुणीतरी मास्तर आहे."

त्या नकाशावर त्यांनी नुसती दिशा विचारत विचारत राज्य पालथं घातलं. त्यात एक प्रसंग आला तो मला सांगावाच लागेल. डोंगरातला ताप पसरत होता. वैदूकडं औषध एकाच ठिकाणी पुरेल एवढं. किल्लेदाराला दिलं तर तो तलवार द्यायचा, राज्यातली सगळ्यात चांगली. नदीकाठच्या पाड्याला दिलं तर कुणी काही देणार नव्हतं. सना फोनवर म्हणाली, "आत्या, सगळे किल्लेदारालाच देतात. तलवारीशिवाय पुढं लई अवघड जातं."

"म्हातारी तलवार घेऊन काय करील? कांदा चिरील?"

त्यांनी औषध पाड्याला दिलं. गेमनं शाबासकी दिली नाही की काही नाही. मॅडम पुढं निघाल्या.

उत्तर तीरावर मात्र त्या गेल्या नाहीत. तिथं जायचं तर घाटावरून, म्हणजे नावाड्याच्या समोरून. "तो विचारणार, पोर दिसली का. मी काय सांगू? तुझी पोर मला टॅबनं दाखवली, कबरीसकट?" म्हणून त्या घाट टाळायच्या. कुठंही जायचं झालं तर डोंगराच्या खिंडीतून लांबचा वळसा घ्यायच्या. पावसाळा गेला, हिवाळा गेला, आणि ही बाई एका चौकटीतल्या चार शब्दांपायी खिंडीतून ये-जा करत राहिली. तेव्हा डावा डोळा चांगला होता. हे मला विसरता येत नाही.

घरातही शांतता नव्हती. एक दिवस मी गेले तर टेबल रिकामं. अन्वरभाईंनी कॉम्प्युटर उचलून खाली कपाटात ठेवला होता. मी म्हटलं, डॉक्टर तर म्हणाले स्क्रीनचा संबंध नाही. ते म्हणाले, "बाई, डॉक्टर काही बी म्हणू दे, लोक आम्हाला विचारत्यात. आपा ह्या उमरला खेळत बसते, बरं दिसतं का? शेवट काय होतो ते सना व्हिडिओवर दाखवील तिला. दहा मिनिटांचं काम."

मॅडम जिन्यात उभ्या होत्या. "अन्वर, तुझ्या लग्नाचा व्हिडिओ होता ना? मग लग्नाला कशाला गेला होतास? घरी बसून बघायचा."

"आपा, तुझ्या भल्यासाठी..."

"बोट धरून तुला शाळेत मी नेलं. तेव्हा तुझं भलं मला कळत होतं. माझं भलं तुला कधीपासून कळायला लागलं? वर आण."

अन्वरभाईंनी कॉम्प्युटर वर आणला. पण या सगळ्यात दिवस गेले. डावा डोळाही गेला. नंतर नंतर त्यांना खिडकी कुठं आहे एवढंच कळायचं.

मग मी त्यांचे डोळे झाले. म्हणजे त्यांनी मला केलं. कीबोर्डवर बोटं त्यांची, बघायचं मी. या कामात मी नापास होत होते. मी म्हणायचे, "समोर एक उदास किल्ला आहे."

"उदास तुमच्याकडं ठेवा. दिशा सांगा."

"ईशान्य."

"किती लांब?"

"दूर... धूसर."

"मुळे बाई, धूसर किती पावलं असतंय?"

हळूहळू शिकले. दिसतं तेवढंच सांगायचं, जे वाटतं ते नाही. पडद्याच्या वरच्या पट्टीवर दिशा असते, ती आधी वाचायची. शेवटी सगळे परगणे झाले, एक उत्तर तीर राहिला.

"आता तेवढंच उरलंय," मॅडम एका दुपारी म्हणाल्या. "चला. त्याला तोंड दाखवू."

घाटावर नावाडी उभा होता. त्यानं नेहमीचंच विचारलं. मी उत्तरांचे पर्याय वाचले. ती वारली असं सांगा. काही माहीत नाही असं सांगा. अजून तिकडं गेले नाही असं सांगा.

"तिसरं," मॅडम म्हणाल्या. "ऐकलंय, बघितलं नाय. खरं तेवढंच आहे."

नाव पलीकडं लागली. मॅडमनी टॅबवरचा नकाशा बंद करायला सांगितला. मी सांगत होते, त्या चालत होत्या. गावात माणसं होती. मला वाटलं होतं गाव ओसाड असेल, पण चुली पेटलेल्या होत्या. विहीर आली. विहिरीला वळसा घालून आम्ही मागं गेलो, आणि माझ्या तोंडून निघालं, "अहो, इथं तर..."

"थांबा." त्यांनी हात वर केला. "सांगू नका."

आणि त्या पडद्याकडं बघत राहिल्या. दोन्ही हात मांडीवर. पाठ ताठ, मान थोडी पुढं, वर्गात मुलींना बसवायच्या तशा. त्या डोळ्यांत काही उतरत नव्हतं हे मला ठाऊक होतं, त्यांनाही होतं. खाली कुणीतरी नळाखाली बादली सरकवली. मी पडद्याकडं बघितलं नाही, त्यांच्याकडं बघत राहिले. मिनिटभर झालं असेल.

"आता सांगा."

कबर नव्हती. विहिरीमागं अंगणात एक मुलगी बसली होती, जाळं विणत. मी तिचं बोलणं वाचलं. ताप या गावापर्यंत आलाच नाही, ती म्हणत होती. खालच्या पाड्यात कुणा म्हातारीनं तो अडवला म्हणतात. पूर ओसरला की मी घरी जाणार होते, पण पलीकडून कुणी प्रवासी नाही, म्हणून नावच येत नव्हती.

मला कळायला वेळ लागला, मॅडमना लागला नाही. त्या ताडकन ओरडल्या, "बघा! ज्यानं खिळा ठोकला त्यानं औषध किल्लेदाराला दिलं होतं! त्याच्या राज्यात मेली ती. अन् त्यानं त्याच्या राज्यातलं मढं माझ्या नकाशावर आणून गाडलं!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "मी वर्षभर घाट टाळला, बाई. वर्षभर. ही इथं बसलेली होती अन् मला दिसत होतं तेव्हा!"

  ज्यानं ती खूण केली त्याला हे कधी कळणार नाही, आणि ज्यांनी त्यावर जाहिराती विकल्या त्यांना कळून उपयोग नाही. माइकवर बोध घ्या म्हणणाऱ्या बाईंना एवढंच विचारावंसं वाटतं, की कुणाचा बोध?

मॅडम जरा वेळानं शांत झाल्या. ओढणीनं चेहरा पुसला.

"हातात काय आहे तिच्या?"

"जाळं. अर्धं झालंय. उजव्या हातात सुई."

"केस?"

"मागं बांधलेले. थोडे सुटलेत."

त्या डोकं हलवत एकेक गोष्ट घेत होत्या. सुंदर, निरागस, असले शब्द माझ्या ओठांवर आले होते, ते मी गिळले.

"तोंड कुठल्या बाजूला आहे?"

मी वरची पट्टी वाचली. "दक्षिणेला. नदीकडं."

"म्हणजे बापाकडं," नुसरत मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचं बोट कीबोर्डवर दक्षिणेला वळायचं बटण चाचपू लागलं.